दासानुदासांचा दरबार

‘मी कोणीच नाही. मी तर आपला दासानुदास. करता-करविता तो वर बसलाय.’

हे वाक्य कानावर पडलं की बोलणारा स्वतः कशावर बसलाय ते आधी बघावं.

बहुतेक वेळा तो सिंहासनावर असतो. पायांखाली मखमल. पुढे चांदीच्या पादुका, पादुकांपुढे ताट, ताटात नोटा. पाद्यपूजेची पावती मांडवाच्या दाराशीच फाडून मिळते. पहिल्या रांगेतल्या यजमानांचा दर वेगळा, मागच्यांचा वेगळा. बाहेर भलामोठा फ्लेक्स. त्यावर ‘अनंत श्रीविभूषित, प्रातःस्मरणीय, ब्रह्मांडनायक’ एवढं छापून झालं की उरलेल्या जागेत नाव. नावाखाली ओळीने इच्छुक उमेदवारांचे चेहरे.

दासाला एवढा मोठा फ्लेक्स लागतो कशाला?

बढाई मारणारा बाबा ओळखायला सोपा. नम्र बाबा ओळखायला अवघड, म्हणून जास्त घातक. ‘मी देव आहे’ म्हणणाऱ्याला निदान ‘बरं, मग दाखव’ असं सुनावता येतं. ‘मी काहीच नाही, तो माझ्या तोंडून बोलतो’ म्हणणाऱ्याला काय सुनावणार? त्याच्याशी वाद घातला की तो देवाशी वाद. त्याच्या वहीतल्या आकड्यावर शंका घेतली की देवाच्या हिशेबावर शंका. स्वतःला शून्य म्हणवून घेता घेता गडी सगळ्या प्रश्नांच्या पलीकडे जाऊन बसतो.

याहून मोठी बढाई कोणती?

चढ्या आवाजातली बढाई जगाने भरपूर पाहिली. २३ मार्च २००४ला वॉशिंग्टनमध्ये, अमेरिकी सिनेटच्या कार्यालयाच्या इमारतीत, कोरियाच्या सन म्यंग मून या पंथप्रमुखाला मुकुट चढवण्यात आला. उशीवर तो मुकुट घेऊन आलेला माणूस अमेरिकी प्रतिनिधिगृहाचा सदस्य होता. मून यांनी तिथेच, आपण मानवजातीचे तारणहार आहोत, असं जाहीर केलं. याच तारणहाराने १९८०च्या दशकात त्याच अमेरिकेत कर बुडवल्याच्या गुन्ह्यात तुरुंगवास भोगला होता.

जगाच्या पापाचा हिशेब ठेवणाऱ्याला स्वतःचं प्राप्तिकराचं विवरणपत्र सरळ भरता आलं नाही.

बातमी बाहेर आल्यावर हजर असलेल्या काही लोकप्रतिनिधींनी हात वर केले. असं काही होणार हे आम्हाला ठाऊक नव्हतं म्हणे. मुकुट दिसला, उशी दिसली, तरी ठाऊक नव्हतं? आपल्याकडचे लोकप्रतिनिधीही बाबाला अटक झाली की फोटो काढून टाकतात आणि हेच म्हणतात. मतांचा गठ्ठा दिसला की डोळ्यांना दुसरं काही दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कॅलिफोर्नियातले हॅरॉल्ड कॅम्पिंग वेगळ्या जातीचे. पेशाने स्थापत्य अभियंता, आवाज संथ, राहणी साधी. मी प्रेषित आहे असं ते म्हणत नसत. आपण फक्त बायबल वाचतो आणि गणित मांडतो, असं सांगत. गणितातून जगबुडीची तारीख निघाली : २१ मे २०११. त्यांच्या रेडिओ केंद्राने जगभर फलक लावले. न्यूयॉर्कच्या वाहतूक विभागातून निवृत्त झालेल्या एकाने तर पदरची सुमारे १ लाख ४० हजार डॉलरची पुंजी जाहिरातींत ओतली.

२२ मे उजाडला. दूधवाला आला, पेपरवाला आला.

मग पुढची तारीख आली, २१ ऑक्टोबर. तीही गेली. मार्च २०१२मध्ये मात्र कॅम्पिंग यांनी पत्र लिहून कबूल केलं की तारीख सांगणं हे पाप होतं, यापुढे तारखा शोधणार नाही. वयाच्या नव्वदीत असं लिहायला धैर्य लागतं आणि या धंद्यात ते फार थोड्यांनी दाखवलं. तेवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण याच गृहस्थांनी १९९४ची तारीखही सांगितली होती आणि तीही चुकली होती. तेव्हाच हे पत्र लिहिलं असतं तर कितीजणांची आयुष्यभराची कमाई वाचली असती! नम्रता १७ वर्षं उशिरा आली. पैसे तोवर संपले होते.

हा झाला पैशांचा मामला. पुढचा मामला जिवांचा आहे.

जपानचा शोको असाहारा. योगवर्ग चालवता चालवता गुरू झाला, गुरूचा ख्रिस्त झाला. आपणच ख्रिस्त असल्याचं सांगणारं पुस्तक त्याने स्वतःच्या नावाने काढलं. त्याच्या आंघोळीचं पाणी भक्तांना विकलं जाई आणि ते पिणाऱ्यांत उत्तम शिकलेली तरुण मुलंही होती. आपण हसायचं कारण नाही. आपल्याकडे चरणतीर्थाला ओंजळ पुढे करणाऱ्यांतही पदवीधर कमी नसतात.

सुत्सुमी साकामोतो नावाचा एक वकील असाहाराच्या पंथात अडकलेल्या मुलांच्या आईबापांची बाजू लढवत होता. त्याने एका वाहिनीला मुलाखत दिली. वाहिनीने ती प्रक्षेपणाआधीच पंथाच्या माणसांना दाखवली. काही दिवसांनी, नोव्हेंबर १९८९मध्ये, साकामोतो, त्याची बायको आणि तान्हा मुलगा घरातून नाहीसे झाले. तिघांचे मृतदेह सापडायला १९९५चा सप्टेंबर उजाडावा लागला. मधल्या काळात, २० मार्च १९९५ला, याच पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन वायू सोडला होता.

वकिलाच्या खुनाचा छडा वेळीच लागला असता तर? त्या सकाळी कामावर निघालेली कितीतरी माणसं संध्याकाळी घरी परतली असती. वाहिनीने आपली चूक १९९६मध्ये मान्य केली.

म्हणून सांगतो, महाराजांची नम्रता त्यांच्या तोंडून ऐकू नका. त्यांना प्रश्न विचारणाऱ्याचं पुढे काय झालं, त्याची चौकशी करा. बाकी सगळं प्रवचन.

ही कसोटी हरियाणातल्या सिरसाला लावून बघा. डेरा सच्चा सौद्याच्या गुरमीत राम रहीम सिंगने नावापुढे ‘इन्सां’ लावलं, म्हणजे आपण साधा माणूस. आणि २०१५ला सिनेमा काढला तो ‘मेसेंजर’ नावाचा, म्हणजे ईश्वराचा दूत. गाणीही त्याचीच, मारामाऱ्याही त्याच्याच. सेन्सॉर मंडळाने परवानगी नाकारली, वरच्या अपील लवादाने दिली, मंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. ईश्वराच्या दूताची मोटारसायकल पडद्यावर धावलीच.

आता मागे जाऊ. २००२. डेऱ्यातल्या एका साध्वीने पंतप्रधान वाजपेयींना निनावी पत्र लिहिलं. महाराज रात्री बोलावतात आणि बलात्कार करतात, असा त्या पत्राचा आशय. मोठमोठी वृत्तपत्रं असताना ते पत्र छापलं कोणी? सिरसातल्या ‘पूरा सच’ नावाच्या छोट्या सांजदैनिकाने. संपादक रामचंदर छत्रपती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांच्यावर घराबाहेर गोळ्या झाडल्या गेल्या, नोव्हेंबरमध्ये त्यांचा मृत्यू झाला.

एका छोट्या पेपरचा संपादक जे छापतो ते दिल्ली-मुंबईच्या पेपरांना का छापता आलं नाही?

बलात्काराच्या खटल्याचा निकाल लागायला २०१७चा ऑगस्ट आला. निकालाच्या दिवशी पंचकुल्यात भक्तांनी गाड्या पेटवल्या, तिसाहून अधिक माणसं मेली. तीन दिवसांनी शिक्षा सुनावली जात असताना हा महाराज हात जोडून रडला, दया मागितली. बातम्यांत ते ठळक आलं. पंधरा वर्षं ज्या साध्वी कोर्टाच्या पायऱ्या चढत होत्या त्यांच्यापुढे त्याने एकदाही हात जोडले नव्हते. नम्रता सुचली ती शिक्षेचा आकडा ऐकताना. आकडा होता २० वर्षं. त्यानंतर पॅरोल आणि फर्लोवर तो इतक्यांदा बाहेर येऊन गेला की आता त्याची बातमीसुद्धा आतल्या पानावर जाते.

त्या साध्वींना काय वाटत असेल, हे कोणत्या पानावर येतं?

जुने प्रेषित असे नव्हते. यहुद्यांचे धर्मग्रंथ उघडून बघा. मोशेला बोलावणं आलं तेव्हा तो म्हणाला, मला धड बोलता येत नाही, दुसऱ्या कुणाला पाठव. यिर्मया म्हणाला, मी तर पोरगा आहे. योनाने सरळ उलट्या दिशेचं जहाज पकडलं. आमोस हा मेंढपाळ. आपण संदेष्टा नाही आणि संदेष्ट्याचा मुलगाही नाही, असं त्याने धर्मगुरूला तोंडावर सांगितलं. या मंडळींना पद नको होतं. आणि पद गळ्यात पडल्यावर काय केलं? नाथानने दावीद राजाला दरबारात जाऊन त्याचं पाप ऐकवलं.

आजचा अवतारी पुरुष राजाकडे जातो तो जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव चढवायला.

या सगळ्यात एक माणूस मला फार मोठा वाटतो, कारण त्याला प्रेषितपद आयतं वाढून दिलेलं होतं. १९०९मध्ये मद्रासजवळ अड्यारच्या समुद्रकिनाऱ्यावर थिऑसॉफिकल सोसायटीच्या लेडबीटर यांची नजर चौदा वर्षांच्या एका मुलावर गेली. मुलगा हडकुळा, आई वारलेली, बाप सोसायटीत नोकरीला. लेडबीटर यांनी ठरवलं, हाच जगद्गुरू होणार. ॲनी बेझंट यांनी मुलाला दत्तक घेतल्यासारखंच केलं. १९११मध्ये त्याच्यासाठी खास संघटना उभी राहिली. बापाने मुलाच्या ताब्यासाठी कोर्टात दावा लावला, तो लंडनपर्यंत गेला. इंग्लंडात शिक्षण, युरोपभर प्रवास, हजारो अनुयायी. हॉलंडमध्ये एका सरदाराने स्वतःचा वाडा आणि भोवतालची हजारो एकर जमीन वाहिली.

मुलगा म्हणजे जिद्दू कृष्णमूर्ती.

३ ऑगस्ट १९२९. हॉलंडमधल्या ओमेन गावी संघटनेचं शिबिर. समोर सुमारे तीन हजार माणसं. म्हाताऱ्या बेझंटबाई हजर. आणि या चौतिशीतल्या माणसाने उभं राहून संघटना बरखास्त केली. सत्याकडे जायला कुठलाही पंथ उपयोगाचा नाही, मला अनुयायी नकोत, तुम्ही मोकळे आहात, असा त्या भाषणाचा मथितार्थ. वाडा आणि जमीन ज्याची त्याला परत केली.

त्या तीन हजारांतले किती जण रडले असतील! अठरा वर्षं ज्याची वाट पाहिली तोच म्हणतो, घरी जा.

बघा, हा क्षण सोपा नव्हता. ज्या बाईने आईसारखं वाढवलं तिच्या देखत तिचं स्वप्न मोडायचं होतं. पुढच्या पोटापाण्याची हमी सोडायची होती. ‘मी तुमचा दास’ म्हणून त्याच गादीवर बसून राहणं किती सोयीचं होतं! बसला असता तर मून यांच्या कितीतरी आधी मुकुट चढला असता.

कृष्णमूर्ती त्यानंतर १९८६पर्यंत बोलत राहिले. मुंबईत जे. जे. कलाशाळेच्या आवारात झाडाखाली त्यांची व्याख्यानं होत. ती ऐकलेली मंडळी अजून भेटतात आणि एकच गोष्ट सांगतात. त्यांचं म्हणणं नुसतं मान डोलावून स्वीकारलेलं त्यांना खपत नसे. तुम्ही स्वतः तपासून बघा, हा त्यांचा हेका असे. ते संत होते असं मी म्हणत नाही. त्यांच्या मृत्यूनंतर, १९९१मध्ये, निकटवर्तीय घरातल्याच एका मुलीने त्यांच्या खासगी आयुष्यावर पुस्तक लिहिलं आणि त्यातलं चित्र काही सगळं उजळ नव्हतं. लोकांनी पुस्तक वाचलं, काहींनी मानलं, काहींनी खोडून काढलं.

कोणी गाड्या पेटवल्या नाहीत. लेखिकेला कोणी गोळी घातली नाही.

आता आपल्या अंगणात या. आपल्याकडे नम्रतेची शाळा शेकडो वर्षं रस्त्यावर भरते. आषाढीच्या वाटेवर दोन वारकरी भेटले की दोघंही वाकतात. सत्तरीतला म्हातारा कॉलेजातल्या पोराच्या पायाला हात लावतो, पोरगं गडबडून त्याच्या पायाशी जातं. दोघांच्या कपाळाला बुक्का, दोघंही माऊली. पाणी वाटणारी बाई माऊली, बंदोबस्ताचा हवालदार माऊली. पंढरपुरात खुद्द विठोबाच्या पायांवर डोकं ठेवायला मिळतं. रांगेत तासन्‌तास जातात, पण त्या पायांचा दर नाही. मध्ये दलाल घुसला तर बातमी होते, गुन्हा दाखल होतो.

देवाचे पाय फुकट आणि महाराजांच्या पायांना पावती?

वऱ्हाडातल्या शेंडगावच्या डेबूजी जानोरकरांनी, म्हणजे आपल्या गाडगेबाबांनी, या पायांच्या धंद्यावर काठीच उगारली होती. पाया पडायला कोणी पुढे आला की बाबा मागे सरत, कधी काठी हाणत. मी कोणाचा गुरू नाही, माझा कोणी शिष्य नाही, हे ते बजावून सांगत. अंगावर चिंध्या, हातात खराटा, डोक्यावर गाडग्याचं खापर. गावात आले की आधी गाव झाडायचे. कीर्तन रात्री.

आणि कीर्तन कसलं? प्रश्नांची सरबत्तीच ती. वऱ्हाडी बोलीत बाबा विचारायचे, समोरचा शेतकरी उत्तर द्यायचा, उत्तरातून पुढचा प्रश्न. कर्ज काढून देवाला बोकड कापता, तो देव खातो की तुम्ही? शाळेत पोराला घालता का? निरक्षर माणूस हजारोंच्या सभेला विचार करायला लावत होता. प्रबोधनकार ठाकऱ्यांसारख्या, बुवाबाजीवर आसूड ओढणाऱ्या माणसाने त्यांचं चरित्र लिहिलं ते उगाच नाही.

प्रबोधनकारांची कसोटी ज्याने पार केली त्याला दुसरं प्रमाणपत्र लागत नाही.

पैसा बाबांकडेही आला. थोडाथोडका नाही. तो गेला कुठे, ते आजही विटा-चुन्यात उभं आहे. पंढरपूर, आळंदी, नाशिक, देहू इथल्या धर्मशाळा. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा. मराठवाड्यातून, खानदेशातून आलेली आई अजूनही तिथे पथारी टाकते आणि सकाळी वॉर्डात डबा घेऊन जाते. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. स्वतःच्या घरच्यांसाठी या इमारतींत हक्क ठेवला नाही.

आजच्या किती महाराजांचे पुतणे विश्वस्त मंडळात नाहीत, हे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन बघा. नोंदी तिथे असतात. कोणी बघत नाही.

‘आमच्या बाबांना अनुभव आहे हो,’ असं शेजारच्या काकू सांगतात तेव्हा त्यांच्यावर चिडू नये. काकूंच्या घरात आजारपण असतं, मुलाला नोकरी नसते, डॉक्टर दोन मिनिटांत बाहेर काढतो. बाबा मात्र डोक्यावर हात ठेवून विचारतो, ‘बाळ, कशी आहेस?’ हा हात खोटा आहे, हे काकूंना सांगायचं तर आधी आपला खरा हात त्यांच्या दारापर्यंत पोचायला हवा. तो आपण कुठे पोचवतो? राग धरायचा तो हात ठेवणाऱ्यावर धरा.

चमत्कार सिद्ध करा आणि बक्षीस न्या, असं आव्हान अब्राहम कोवूर यांनी श्रीलंकेतून १९६३मध्ये दिलं होतं. लाखाचं. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ते २१ लाखांपर्यंत नेलं. अटी साध्या : तपासणी त्रयस्थांसमोर आणि त्यांनी ठरवलेल्या पद्धतीने. ब्रह्मांडाचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एकालाही ही रक्कम नेता आलेली नाही. उत्तर ठरलेलं. आमच्या दरबारात या, तिथे दाखवू. पंच यांचे, मैदान यांचं, टाळ्याही यांच्याच.

ज्याला खरंच काही येतं त्याला परक्या मैदानाची भीती का वाटावी?

डॉ. नरेंद्र दाभोलकर हे प्रश्न वर्षानुवर्षं शांतपणे विचारत राहिले. कोणाच्या श्रद्धेला शिवी नाही, आवाज चढलेला नाही. जादूटोणाविरोधी कायद्याचा मसुदा घेऊन ते मुंबई आणि नागपूरच्या अधिवेशनांना खेटे घालत होते. एकामागून एक सरकारं आली, ‘पुढच्या अधिवेशनात’ म्हणाली आणि गेली. २० ऑगस्ट २०१३च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वर पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. त्यानंतर आठवड्याच्या आत वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा मंजूर झाला.

जे त्यांच्या हयातीत जमलं नाही ते आठवड्यात जमलं. म्हणजे जमण्यासारखं होतं.

कायदा चांगला आहे. अनुसूचीत १२ गोष्टी आहेत. चमत्कार दाखवून पैसे उकळणं त्यात आहे. आपण अवतार आहोत असं भासवून, मागच्या जन्मी तू माझी बायको होतीस असं सांगून बाईचा गैरफायदा घेणं आहे. शिक्षा ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत, दंड ५ हजारांपासून ५० हजारांपर्यंत, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. देवाची पूजा, वारी, कीर्तन, नवस यांना कायदा हात लावत नाही. ‘हा कायदा धर्माविरुद्ध आहे’ अशी आवई उठवणाऱ्यांनी तो एकदा वाचायची तसदी घ्यावी. छोटाच आहे.

मग तक्रारी इतक्या कमी का होतात? कारण फसवली गेलेली बाई ठाण्यात जाते तेव्हा तिला पहिला सल्ला मिळतो, ‘कशाला मोठ्या माणसाच्या नादी लागता?’ साहेबांच्या केबिनमध्ये त्याच मोठ्या माणसाचा फोटो असतो, कधी हळद-कुंकू लावलेला. ती परत फिरते.

या कायद्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे. अंमलबजावणी पाहणं, गुन्हा होत असेल तर रोखणं, हे त्याचं काम. त्याचं नाव आणि मोबाइल क्रमांक प्रत्येक पोलीस ठाण्याच्या दर्शनी भिंतीवर ठळक अक्षरांत लावा. बचत गटाच्या बैठकीत, शाळेच्या पालक सभेत, ग्रामसभेत वाचून दाखवा. आणि केबिनमधला फोटो आजच्या आज उतरवा.